आधी आभाळ बघा, कंपनी शेवटी

वाचकाचं पत्र:

«सादर नमस्कार. मी डोंबिवलीत राहते. आई-अण्णा गावी, संगमेश्वर तालुक्यात, दोघंच असतात. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई सत्तरीची. यंदा गणपतीत घर भरलेलं असताना लाईट दोनदा गेली-आली आणि डिशचा जुना बॉक्स जळाला. छत्रीही गंजली आहे, आता सगळं नवीनच घ्यावं लागेल. बाजारातला दुकानदार म्हणतो, वर्षाचं मोठं पॅक आणि इंटरनेटवर चालणारा बॉक्स घ्या. चुलतभाऊ म्हणतो, फ्री डिश लावा, महिन्याचा खर्चच नको. पुण्याचा दादा म्हणतो, आता डिश कोण लावतं, स्मार्ट टीव्ही आणून मोबाइलचं इंटरनेट जोडू. आईला संध्याकाळच्या मालिका लागतात. अण्णांना बातम्या आणि भारताचा क्रिकेट सामना. डिसेंबर-जानेवारीत दोघं दीड-दोन महिने आमच्याकडे येतात. आधीची डिश पावसात सारखी जायची. कोणती कंपनी घ्यावी, स्पष्ट सांगाल का?»

ताई, नमस्कार.

कंपनीचं नाव मी सांगणार आहे, पण शेवटी. मराठी वाहिन्या सगळ्याच खासगी कंपन्यांकडे जवळपास सारख्या आहेत, चित्रही सारखंच. फरक पडतो तो तुमच्या खळ्यातून दिसणाऱ्या आभाळाने, बिघाड झाल्यावर वाडीत कोण येतो याने, आणि आई-अण्णा रोज खरोखर काय बघतात याने. हे कळलं की निवड करायला फारसं काही उरत नाही.

आधी दादांच्या सूचनेबद्दल. शहरासाठी ती बरोबर आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या आकड्यांनुसार खासगी डीटीएचचे, म्हणजे पैसे भरून छत्रीवरून टीव्ही बघणारे, ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे ७ कोटी होते, आता ते ६ कोटींच्या खाली आले आहेत. फायबर पोहोचलेल्या घरांवरून छत्र्या उतरत चालल्या आहेत हे खरं. पण मोबाइलवरून जोडू म्हणतात त्याअर्थी गावात फायबर आलेलं नसावं. मोबाइलच्या इंटरनेटवर एचडी चित्र बघायचं तर तासाला दोन-तीन जीबी लागतात. दिवसाला दीड-दोन जीबीचा प्लॅन आईच्या दुसऱ्या मालिकेच्या आत संपेल, आणि कोकणात टॉवरची रेंज खिडकीत मिळते, माजघरात मिळत नाही. उपग्रहाकडून येणारं चित्र एकतर्फी असतं. दिवसभर टीव्ही चालला तरी त्याला इंटरनेट लागत नाही. फायबर येईल तेव्हा दादांचं ऐका, आत्ता नको.

चुलतभावाची सूचना जास्त विचार करण्यासारखी आहे. फ्री डिशला पुष्कळ लोक गरिबाची सोय म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू केली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच भरायचे, पुढे महिन्याला एक रुपयाही नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, काही मोफत मराठी वाहिन्याही असतात. खासगी वाहिन्यांना तिथे जागा लिलावाने मिळते, त्यामुळे यंदा दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

अण्णांच्या दृष्टीने तर फ्री डिशमध्ये एक मोठी गोष्ट आहे, आणि ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचं, खासगी डीटीएच किंवा केबलवर नाही. म्हणून शेजारच्या फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सवर सामना फुकट दिसतो, आणि खासगी कंपनीच्या बॉक्सवर त्याच वाहिनीवर तो दिसत नाही. पुष्कळ घरांत याला बिघाड समजून मेकॅनिकला बोलावतात. तो बिघाड नव्हे.

पण आईच्या मालिकांचं काय? स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. संध्याकाळी सात ते साडेनऊ आईचा जीव यांतल्या एखाद-दोन वाहिन्यांवर असेल, तर फ्री डिश तिच्या उपयोगाची नाही. घरात बसून दिवसाचे दोन-अडीच तास जी माणसं टीव्ही खरोखर मन लावून बघतात, त्यांत आई पहिली असते. आणि निवड करताना तिलाच कुणी विचारत नाही. तुमच्या पत्रातही तिघा पुरुषांची मतं आहेत, आईचं मत एका वाक्यात उरकलं आहे. आज रात्री तिला फोन करा. कोणत्या मालिका, किती वाजता, कोणत्या वाहिनीवर, हे नावानिशी लिहून घ्या. सणासुदीला भजन-कीर्तन बघते का, दुपारी सिनेमा लावते का, तेही विचारा. ही यादी पाच-सहा वाहिन्यांच्या पुढे जायची नाही. आईने उद्या सांगितलं की मालिकांचा मला कंटाळाच आलाय, सह्याद्री पुरे, तर माझा सल्ला तिथेच बदलेल. मग डोळे मिटून फ्री डिश लावा आणि बॉक्स मात्र एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचा घ्या, जुन्या एमपीईजी-२ चा नको.

तसं ती म्हणणार नाही असं धरून पुढे जाते. दोन्ही बसवा, म्हणजे मालिकांना खासगी आणि क्रिकेटला फ्री डिश, असं कुणीतरी सुचवेलच. माझं मत याच्या विरुद्ध आहे. दोन बॉक्स, दोन रिमोट आणि टीव्हीचा तिसरा. संध्याकाळी कुणीतरी चुकीचं बटण दाबतं, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं आणि डोंबिवलीला फोन लागतो. त्यापेक्षा सामन्यांच्या महिन्यात क्रीडा वाहिनी सुटी जोडायची आणि सामने संपले की काढायची. हे काम तुम्ही डोंबिवलीत बसून मोबाइलवरून करू शकता.

आता आभाळाकडे येते. सगळ्या कंपन्यांचे उपग्रह आभाळात एका जागी नाहीत. टाटा प्लेचे ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचा ८८ वर, फ्री डिश आणि सन डायरेक्टचा ९३.५ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, आणि एअरटेलचा १०८.२ वर. तुमचं गाव साडेत्र्याहत्तर रेखांशाच्या आसपास. म्हणजे हे सगळे तुमच्या पूर्वेला, आणि विषुववृत्तावर असल्यामुळे दक्षिणेकडे. टाटा प्लेची छत्री दक्षिणेकडून थोडी पूर्वेला कलते, डिश टीव्हीची आणि फ्री डिशची आग्नेयेला, आणि एअरटेलची त्याहूनही पूर्वेकडे, पूर्व आणि आग्नेय यांच्या मध्ये. उंचीतही फरक आहे. संगमेश्वरातून टाटा प्लेचा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६७ अंशांवर येतो, डीटूएचचा ६४, डिश टीव्हीचा ५८, आणि एअरटेलचा ४६.

हे आकडे तुमच्या परसातल्या झाडांशी जोडून बघा. खळ्याच्या पूर्वेला छत्रीपेक्षा दहा मीटर उंच फणस असेल, तर ४६ अंशांवर बघणारी छत्री त्यापासून निदान दहा मीटर लांब हवी. ६७ अंशांवर बघणारी छत्री झाडाच्या बाजूला असली तरी साडेचार मीटरवर काम भागतं. कोकणात घराभोवती माड, आंबा, फणस असतोच, आणि झाड दरवर्षी वाढतं. बसवली तेव्हा छान चालणारी डिश चौथ्या-पाचव्या वर्षी पावसाळ्यात रुसायला लागते, त्यामागे कितीदा तरी आंब्याची नवी फांदी असते. सह्याद्रीची रांग पूर्वेला आहे म्हणून काळजी करू नका. इतक्या उंच कोनाला डोंगर आड येत नाही, झाड आणि शेजारचा मजला येतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडची छत्री बघायला उभी दिसते, पण तिची नजर दिसते त्याहून बरीच वर असते, कारण एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, मध्यावर नसून खालच्या बाजूने धरलेला असतो. त्यामुळे ‘समोर भिंत आहे, चालणार नाही’ असं नुसतं बघून म्हणू नये.

आभाळ मोकळं आहे का हे तपासायला यंत्र नको. आत्ताचे दिवस त्याला अगदी योग्य आहेत. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि पुन्हा मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सूर्य तुमच्या गावातून बघताना नेमका या उपग्रहांच्या वाटेने जातो. अण्णांना सांगा, छत्री जिथे लावायची म्हणता तिथे सकाळी पावणेदहाला, पावणेअकराला आणि पावणेबाराला एक काठी उभी करा. पावणेदहाला त्या जागेवर ऊन असेल तर एअरटेलला वाट मोकळी. पावणेअकराच्या सुमारास ऊन असेल तर डिश टीव्हीला आणि फ्री डिशला. पावणेबाराच्या सुमारास असेल तर टाटा प्लेला. डीटूएचचा नंबर सव्वाअकराचा. सावली पडली तर ती कोणत्या झाडाची आहे तेही तिथेच कळेल. पितृपक्षात नवी खरेदी नको असं आई म्हणेल, तर नको. ऊन बघायला काही हरकत नाही, आणि घटस्थापनेला छत्री बसवता येईल. याच दिवसांत सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आला की चित्र काही मिनिटं जातं आणि आपोआप येतं, त्याचीही कल्पना दोघांना देऊन ठेवा.

छत्री कौलांवर चढवू देऊ नका. ही सूचना मी सगळ्यात कळकळीने करते आहे. मेकॅनिकला वर जायची सवय असते, म्हणून तो छपराकडेच बघतो. पण नजर जर ४६ ते ६७ अंश वर असेल तर उंचीची गरजच कुठे आहे? मोकळ्या जागेत जमिनीपासून छातीच्या उंचीवर, चिऱ्याच्या चौथऱ्यात पक्का रोवलेला लोखंडी खांब पुरतो. चौथरा घट्ट हवा, कारण पावसाळी वाऱ्यात खांब बोटभर हलला तरी सिग्नल सुटतो. छत्री कौलांवर असली की पहिल्याच पावसात चित्र गेल्यावर अण्णा शिडी लावतील. शेवाळलेल्या कौलांवर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस टीव्हीसाठी चढतो, ही कल्पनाही मला सहन होत नाही. खाली बसवली की फडक्याने पुसताही येते. वांदरांचा त्रास असेल तर खांब पडवीच्या जवळ घ्या, माणसांची वर्दळ असेल तिथे. आणि गुरं बांधायच्या जागेपासून लांब.

पावसाचं म्हणाल तर ते पूर्ण टळणार नाही. आपल्याकडचं सगळं डीटीएच केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर चालतं. त्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि जोराच्या सरीतले थेंब त्या लहरी शोषून घेतात, पांगवतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात हे होणारच. उपग्रह जितका खाली, तितकी लहर पावसातून तिरकी आणि लांब जाते. पाऊस पाच किलोमीटर उंचीवरून पडतो असं धरलं, तर ६७ अंशांच्या वाटेवर लहरीला साधारण साडेपाच किलोमीटर पाऊस लागतो, ४६ अंशांच्या वाटेवर सात. उपग्रहाची ताकद, छत्रीची नेमकी दिशा यांनीही फरक पडतो, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला नापास करू नये. पण बाकी सगळं सारखं असेल तर कोकणात मी उंच उपग्रहाकडे झुकेन.

यावर खरा उपाय आहे तो मोठ्या छत्रीचा. कंपनी साधारण ६० सेंटिमीटरची देते. ९० सेंटिमीटरची लावली तर तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तेवढा सिग्नल जास्त गोळा होतो. ढगफुटीसारख्या सरीत तीही हरेल, पण रोजच्या रिपरिपीत आणि मध्यम सरीत चित्र टिकेल. मेकॅनिकला आधीच सांगा, तालुक्याच्या ठिकाणी मिळते. या एका वस्तूवर जास्तीचे पैसे जरूर घाला, दुकानदाराच्या इंटरनेटवाल्या बॉक्सवर नको.

जुनी डिश ‘सारखी जायची’ म्हणता, त्यातला निम्मा दोष तरी पावसाचा नसावा. कोसळणाऱ्या सरीत जाऊन सर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत परत आली, तर तो पाऊस. भुरभुरीतही जात असेल, किंवा पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीही येत नसेल, तर पाणी केबलच्या टोकात गेलेलं असतं, किंवा एलएनबीचं तोंड फाटलेलं असतं. नवीन जोडणी करताना छत्रीपाशी केबलला खाली एक वाकण द्यायला लावा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, जोडात शिरणार नाही. जोडावर चांगली चिकटपट्टी गुंडाळून घ्या. केबल नवी आणि अखंड हवी, मध्ये जोड नको. जुनीच वापरतो म्हणाला तर ठाम नको म्हणा.

नवरात्र ते दिवाळी दुपारनंतर घाटावरून ढग चढतात. छत्रीची नजरही त्याच बाजूला असते, म्हणून तुमच्या खळ्यात थेंब पडायच्या आधीच टीव्ही जातो. आईला हे सांगून ठेवलंत तर ती घाबरणार नाही, उलट वाळवण उचलायला तिला वेळ मिळेल. विजा चमकायला लागल्या की टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग भिंतीतून काढायचा, आणि बॉक्सच्या मागची छत्रीची केबलही काढायची. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. गणपतीत बॉक्स जळाला तो लाईटच्या ये-जा करण्यामुळे, तेव्हा या वेळी बॉक्स आणि टीव्ही दोन्ही चांगल्या स्टॅबिलायझरवर चालवा आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा बघून घ्या. नाहीतर कोणतीही कंपनी घेतली तरी पुढच्या गणपतीत पुन्हा तेच पत्र लिहावं लागेल.

आता माणसाबद्दल. टोल-फ्री नंबरवर बोलणारा माणूस नम्र असतो, पण जुलै महिन्यात चिखल तुडवत वाडीत येणारा वेगळा. अण्णांना वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत चौकशी करायला सांगा. कुणाच्या घरी कोणाची छत्री आहे, आणि गेल्या पावसाळ्यात बिघाड झाला तेव्हा कोण आलं, किती दिवसांनी आलं, येण्याचे वेगळे पैसे मागितले का. ज्या कंपनीच्या छत्र्या आसपास जास्त, तिचा मेकॅनिक त्या बाजूला येत-जात असतो. एका फेरीत चार घरं करता आली तरच त्याला परवडतं, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या घरी वेगळ्या कंपनीची छत्री असेल तर तुम्ही ताटकळणार. या चौकशीच्या उत्तराला मी उपग्रहाच्या उंचीपेक्षाही वजन देते.

दुकानदाराचं वर्षाचं मोठं पॅक घेऊ नका. हिशेब कसा असतो ते समजून घ्या. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमाने बिलाचे दोन भाग झाले, एक नेटवर्कचं शुल्क आणि दुसरा वाहिन्यांची किंमत. नेटवर्क शुल्काला आधी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली आणि कंपन्यांना आपापलं शुल्क ठरवू दिलं. म्हणून आता हा पहिला आकडा प्रत्येक कंपनीला वेगळा विचारावा लागतो. वाहिनीची किंमत मात्र ती चालवणारा प्रक्षेपक ठरवतो आणि ती जाहीर करावी लागते. गुच्छात, म्हणजे पॅकमध्ये, घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. आईची पाच-सहा वाहिन्यांची यादी घेऊन सुट्या वाहिन्यांची बेरीज करा, मग त्याच कंपनीच्या मराठी पॅकशी ताडून बघा. बऱ्याचदा साधं मराठी पॅक थोडं स्वस्त पडतं, पण इंग्रजी वाहिन्या, लहान मुलांच्या वाहिन्या आणि सिनेमांचे ढीग असलेलं मोठं पॅक दोघांना कशाला? सह्याद्री आणि दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या प्रत्येक कंपनीला द्याव्याच लागतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

एचडीचं म्हणाल तर टीव्ही किती इंचाचा आहे आणि आई-अण्णा किती लांब बसतात ते बघा. बत्तीस इंची टीव्ही आणि पडवीतल्या झोपाळ्यावरून बघणं असेल तर साध्या चित्रात काही अडत नाही.

वर्षाचे पैसे एकदम न भरण्याला आणखी कारणं आहेत. पहिल्याच पावसात सेवा कशी आहे ते कळायचं आहे. हा धंदाही स्थिर नाही. डिश टीव्ही आणि डीटूएच २०१८ मध्ये एकत्र झाले, एअरटेल आणि टाटा प्लेची एकत्र येण्याची बोलणी २०२५ मध्ये झाली आणि मोडली. आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही, तेव्हा बदलायची वेळ आली तर बॉक्स वाया जाणारच, वर भरलेले पैसेही अडकायला नकोत. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं भरा. डिसेंबर-जानेवारीत दोघं तुमच्याकडे येतील तेव्हा सेवा तात्पुरती थांबवायची सोय मागून घ्या. ग्राहकाने सांगितल्यावर कंपनीने ती द्यायची असते, परत सुरू करायला किती आकार लागतो तेवढं आधी विचारा. महिन्याचं रिचार्ज असेल तर तेही करायची गरज नाही, ते गावी परतण्याच्या आदल्या दिवशी पैसे भरले की झालं. बॉक्स विकतचा आहे की भाड्याचा, वॉरंटी किती आणि ती छत्री-एलएनबीलाही आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. तक्रारीला कंपनीने दाद दिली नाही तर ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हातात घेत नाही.

तर नाव. वाडीत टाटा प्लेचा किंवा डीटूएचचा मेकॅनिक येत असेल, आणि सकाळी सव्वाअकरा-पावणेबाराला त्या जागेवर ऊन असेल, तर या दोहोंपैकी ज्याचा माणूस जवळ तो घ्या. साधा बॉक्स, मराठी पॅक, ९० सेंटिमीटरची छत्री. दोघांचेही मेकॅनिक तिकडे फिरकत नसतील आणि एअरटेल किंवा डिश टीव्हीचा भरवशाचा माणूस पुढच्याच वाडीत राहत असेल, तर त्याला घ्या आणि पूर्वेच्या झाडाच्या फांद्या आधी उतरवा.

जोडणीच्या दिवशी शक्यतो तुम्ही किंवा दादा हजर राहा. शनिवार-रविवार धरून जा. मेकॅनिक जायच्या आधी बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता यांचे आकडे दिसतात, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे चित्र बिघडलं तर अण्णांकडून तेच आकडे वाचून घेता येतील, आणि दोष छत्रीचा की बॉक्सचा ते फोनवरच उमगेल. आईच्या पाच-सहा वाहिन्या रिमोटवर ‘आवडत्या’मध्ये घालून द्या आणि त्यांचे नंबर ठळक अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. नोंदणीचा मोबाइल नंबर तुमचा द्या, रिचार्जही तुम्हीच करा. ‘तुमचा बॉक्स आज बंद होणार, एवढे पैसे भरा, ओटीपी सांगा’ असे फोन म्हाताऱ्या माणसांना सर्रास येतात. अण्णांना एवढंच सांगा, की डिशबद्दल कुणाचाही फोन आला तर ‘मुलीला विचारून सांगतो’ म्हणून ठेवून द्यायचा.